जागी पाठवलेली गिटार

पाराचो, १२ मे

प्रिय एल्विराताई,

राग आला की फोन करायचा नाही, कागदावर लिहायचं, हे आपलं ठरलंय ना? मी कॉलेज सोडलं त्या दिवशी फोनवर जे काही बोललो, त्यानंतर तूच ही अट घातलीस. कागद पोचायला दोन दिवस, उत्तर यायला दोन दिवस, तोवर तुझं डोकं माणसात येतं, म्हणालीस. तर हे घे. पेन दोनदा कागदातून आरपार गेलंय, तेवढं समजून घे.

तुमच्या कुरिअरवाल्यांनी माझी गिटार मारली.

मामांच्या कारखान्यातली, देवदाराच्या फळीची, इंटरनेटवर विकलेली. घेणारी बाई पार वाळवंटाच्या टोकाला, हेर्मोसियोच्या शाळेत गाणं शिकवते. एनेदिना नाव. तिने फोटो पाठवलेत. तारा ज्या घोडीला बांधतात ती घोडीच फळीवरून उपटून निघालीय, खपली निघावी तशी. सहाही तारा आक्रसून मेलेल्या कोळ्याच्या पायांसारख्या. बाई एका शब्दाने चिडली नाही, तेच जास्त लागलं. नुसतं लिहिते, "मुलांना दाखवली. एकाने विचारलं, हिला दुखलं असेल का?"

मी तेव्हाच क्लेमचा फॉर्म भरला. त्यात वाद्यांसाठी एक रकाना आहे. "पाठवण्यापूर्वी तारा सैल केल्या होत्या का?" काय प्रश्न आहे, ताई! गिटारी घडवणाऱ्या पाराचोच्या माणसाला विचारतात! कोळ्याला विचारा, होडीत बसण्याआधी होडी पाण्यात घातली होती का. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "हो."

आता तू क्लेमच्याच टेबलावर बसतेस. हे लवकर पास करून टाक, आणि ज्याने खोकं आपटलं त्या गाढवाला घरी बसव. मामा म्हणालेत, पॅकिंगची चूक निघाली तर मला पॅकिंगच्या खोलीतून उचलून मागे घासकामाच्या शेडमध्ये बसवणार. पॅकिंगच्या खोलीला खिडकी आहे, ताई. खिडकीतून फाटक दिसतं. शेडला काही नाही, नुसता भुसा.

बाकी मग कधीतरी सांगेन.

पत्र ताता सिरिलोंच्या हाती देतोय. तुमचीच निळी गाडी चालवतात. उरुआपानच्या गोदामापर्यंत ते नेतील, पुढे मोठी गाडी.

तुझा,
लिसांद्रो

*

मोरेलिया, १६ मे

लिसांद्रो,

भोकं मोजली. तीन आहेत. तिसरं बहुतेक 'गाढव' या शब्दापाशी पडलंय.

नात्यातला क्लेम मी हाताळत नाही. फाइल शेजारच्या टेबलावरच्या ओक्ताविओला दिली, आणि तू माझा मावसभाऊ आहेस हेही सांगून टाकलं. तो नियमाचा माणूस, मक्याच्या पिठाची कोरुंदासुद्धा कोपरे मोजून खातो. त्यामुळे 'पास करून टाक' विसर.

फोटो मात्र मी पाहिले. नऊ वर्षं या खोलीत बसून मी जगभरच्या मोडक्या वस्तू बघतेय. मला वाटतं मी समुद्राच्या तळाशी नोकरी करते. वरून एकेक वस्तू बुडत येते: फुटका आरसा, कान नसलेला कप, एक पाय गेलेली मेरीमाता. त्यांच्याबरोबर त्यांच्या मालकांचे कागद. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "पाठवली तेव्हा अगदी छान होती." वस्तू काही म्हणत नाहीत, पण कुठे लागलं ते दाखवतात. पडलेली वस्तू आधी खोक्याला सांगते आणि मग मोडते. तुझ्या खोक्याचे आठही कोपरे पावासारखे गुबगुबीत आहेत. आणि घोडी खालून तुटलेली नाही, मानेच्या बाजूला ओढली गेलीय. मीही पाराचोचीच आहे, बाळा.

म्हणून एकच विचारते, रागावू नकोस. तू तिला झोपवलीस ना? मामांच्या कारखान्यात शिकवतात तशी: सहाही तारा दोन-दोन फेरे सैल, तारांखाली फडकं, मानेखाली वर्तमानपत्राची उशी, आणि झाकण लावताना हळूच 'झोप' म्हणायचं? मी लहानपणी उशा वळायला बसायचे तिथे. झोपवल्याशिवाय एकही गिटार फाटकाबाहेर जात नसे.

त्या दिवशी काय काय झालं ते ओळीने लिही, सकाळपासून. आणि फाटकात काय दिसतं तेही लिही. तुझ्या वयात मीही फाटकं बघितलीत.

एल्विरा

*

पाराचो, २० मे

ताई,

म्हणजे मी खोटारडा. छान! आता हेच ऐकायचं राहिलं होतं. मास्तर म्हणाला तुझ्यात शिस्त नाही, आई म्हणाली तुझ्यात धीर नाही, आणि आता तू म्हणतेस माझ्यात इमानही नाही. त्या ओक्ताविओला सांग, इथे ये आणि माझ्या तोंडावर विचार, मग बघतो त्याचे कोपरे—

वरचं वाचू नकोस. ते रविवारी लिहिलं होतं. आज मंगळवार.

फाटकात युनुएन दिसते.

ताता सिरिलोंची मुलगी. फेब्रुवारीपासून त्यांच्याबरोबर गाडीवर येते. त्यांना स्कॅनरवरचे आकडे नीट दिसेनासे झालेत. ती खोक्यावर स्कॅनर धरते, तो 'टीं' करतो, ती आकडे मोठ्याने वाचते आणि ते सही करतात. बस्स, इतकंच. दिवसातून एकदा, चार वाजता. पण ताई, चार वाजता आपल्याकडचं ऊन कसं असतं आठवतं ना? कानशीवरून उडालेला भुसा हवेत तसाच थांबतो, खाली पडायचं विसरतो. ती त्या सोनेरी धुरळ्यातून चालत येते आणि मला वाटतं, आकडे वाचणारी दुसरी मुलगी अख्ख्या देशात नसेल. 'सात, शून्य, शून्य, चार' असं म्हणते, आणि मला ते दिवसभर ऐकू येत राहतं. तुला हसू येईल. येऊ दे.

मी तिच्यासाठी एक वॉल्ट्झ रचतोय. सगळा झालाय, फक्त शेवट सापडत नाही. कुठूनही गेलो तरी शेवटच्या पायरीशी येऊन थबकतो, दार बंद असल्यासारखा.

त्या दिवशी सकाळी मी सहा गिटारी झोपवल्या. सातवी हेर्मोसियोची. ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिचा आवाज सगळ्यात खोल होता. चारच्या आधी ती सुरात लावली. गाडी आली, ताता सिरिलो मामांशी बोलायला आत गेले आणि मी खिडकीत बसून वाजवलं. युनुएन फाटकाला टेकून उभी राहिली. स्कॅनर छातीशी धरला होता, पाखरू धरावं तसा. मी शेवटच्या पायरीशी थबकलो. ती म्हणाली, "तिसरी तार किंचित खाली आहे."

"नाहीये."

"आहे. तू ऐकत नाहीस, नुसता बघतोस."

मी ती तार चढवली. तिचं बरोबर होतं. मग ती हसली. तेवढ्यात ताता बाहेर आले, हॉर्न वाजवला, "अरे वाद्यवाल्या, संध्याकाळ इथेच करायची का?" आणि मी खोकं बंद करून दिलं.

झोपवली, ताई. झोपवलीच असणार. दोन वर्षं हेच करताहेत हात, ते मला विचारत नाहीत. मला तिचं हसणं आठवतं आणि टेपचा आवाज आठवतो. मधलं आठवत नाही, पण म्हणजे ते झालं नाही असं थोडंच? श्वास घेतलेला कुणाला आठवतो?

लिसांद्रो

*

मोरेलिया, २४ मे

लिसांद्रो,

श्वासाचं छान लिहिलंस. ओक्ताविओला ते चालणार नाही.

तुझ्या पत्रातलं मी त्याला सांगितलेलं नाही. सांगायचं तर ते तुझ्याच हातून आलं पाहिजे. पण फाइल पुढे कशी जाते ते तुला ठाऊक असायला हवं. खोकं बाहेरून शाबूत, आणि पाठवणारा लिहून देतोय की तारा सैल होत्या. मग नियम असा, की वस्तू पहिल्या हातात बिघडली. पहिला हात म्हणजे ज्याने ती फाटकातून उचलली, हलवून, कान लावून पाहिली आणि सही केली.

सही सिरिलोंची आहे.

त्यांच्या नावावर डोळ्यांपायी एक शेरा आधीच आहे. दुसरा पडला की पाराचोची फेरी काढून घेतात आणि लासारो कार्देनासला, बंदरावरच्या गोदामात, माल उतरवायला पाठवतात. ते जातील म्हणजे त्यांचं सगळं घर तिकडे जाईल. तू ज्याला घरी बसवायला सांगत होतास ना, तो आपटणारा गाढव अजून कुणाला सापडलेला नाही. कागदावर त्याच्या जागी हे आहेत.

तुझ्या पहिल्या पत्रातली खिडकी आता मला कळली. खिडकी राहावी म्हणून तू 'हो' लिहिलंस असं मी म्हणत नाही. तू मनापासून लिहिलंस. मी रोज मनापासून लिहिलेलेच कागद वाचते. मुद्दाम खोटं बोलणारे फार थोडे, लिसांद्रो. बाकीच्यांना फक्त मधलं आठवत नसतं.

हे पत्र ते शर्टाच्या खिशातून आणून तुला देतील. तुझीही त्यांनीच आणली. पाकीट मी चिकटवलंय खरं, पण उघडं दिलं असतं तरी त्यांनी वाचलं नसतं, आणि ते डोळ्यांमुळे नव्हे.

फाइल शुक्रवारपर्यंत, तीस तारखेपर्यंत उघडी आहे. अमुक कर असं मी सांगत नाही. कॉलेजच्या वेळी सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

ताई

*

पाराचो, २८ मे

ताई,

तुझं पत्र त्यांच्या हातून घेतलं तेव्हा ते गरम होतं, त्यांच्या अंगाच्या उबेने. म्हणाले, "बहीण तुझ्यावर जीव टाकते हं, पोरा, जाडजूड लिहिलंय." मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मागे युनुएन उभी होती. तिने आकडे वाचले आणि माझ्याकडे न बघता गेली.

वाचून मी लाकडाच्या थप्पीवर आडवा झालो. जेवणानंतरची वेळ, सगळा कारखाना पेंगलेला. मला झोप लागली आणि ती गिटार दिसली. खोक्याच्या अंधारात ती एकटी जागी होती. बाहेर वाळवंट सरकत होतं, पत्रा तापत होता, आजूबाजूची सगळी पार्सलं, चपला, पुस्तकं, बाळांचे कपडे गाढ झोपलेले. ती एकटीच सहा तारा ताणून बसली होती. कुणीतरी 'झोप' म्हणेल म्हणून वाट बघत होती. वॉल्ट्झ वाजवत होती माझा, आणि शेवटच्या पायरीशी आली की पुन्हा पहिल्यापासून. घोडी चिकटवलेला सरस मऊ होत होता. तिला ते कळत होतं. तरी ती तारा सोडत नव्हती, कारण मी तिला तसंच ठेवून गेलो होतो.

जागा झालो तेव्हा मला मधलं आठवलं. मधे काहीच नव्हतं, ताई. मी 'झोप' म्हणालोच नाही. तार चढवली, ती हसली, हॉर्न वाजला, टेप लावली. बस्स.

मी तसाच चौकात गेलो. युनुएन तिथल्या एका म्हातारीकडून कोरुंदा बांधून घेत होती.

"तुला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"सोळा दिवस झाले," ती म्हणाली. "मला वाटलं, आता पावसाळ्यात सांगशील."

"तुला माहीत होतं?"

"मी फाटकाशी उभी होते, आंधळी नव्हते. खुंट्यांना तू हातही लावला नाहीस. टेप मात्र अशी गुंडाळलीस, जसं काही तिला थंडी वाजत होती."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला काय ठाऊक! वाद्य तुमचं, गाव वाद्यवाल्यांचं. मी निळ्या गाडीवाल्याची पोर. म्हटलं, नवीन काहीतरी पद्धत असेल." मग कोरुंदांची पुडी उगाचच घट्ट बांधत म्हणाली, "आणि क्लेमचं कळलं तेव्हा म्हटलं, बघू या हा माणूस कसा आहे ते. गाणं काय, कुणीही वाजवतं."

"तुझ्या वडिलांना सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते तुझ्या मामांसमोर येऊन उभे राहिले असते आणि तू घाबरून खरं बोलला असतास. मला तसलं खरं नको होतं." ती पुढे म्हणाली, "उगाच तोंड पाडू नकोस. शुक्रवारी मी स्वतः मोरेलियाची बस धरणार होते. तुझी वाट बघत वडिलांना समुद्रात ढकलण्याइतकी काही मी वेडी नाही."

कोरुंदा दिली नाही. एकही नाही.

मामांना सांगितलं. ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, तू मला ओळखतेस. त्यांनी फळीवरून काचपेपरचा गठ्ठा उचलला आणि माझ्या हातात ठेवला. सोमवारपासून शेड.

सोबतचा कागद ओक्ताविओला दे. माझ्याच हातचा आहे.

"मी, लिसांद्रो, पॅकिंग करणारा, लिहून देतो की क्लेममधलं माझं 'हो' खोटं आहे. हेर्मोसियोला गेलेल्या गिटारीच्या तारा मी सैल केल्या नव्हत्या. त्या पूर्ण सुरात होत्या, तिसरी तर जास्तच, कारण ती मी शेवटच्या क्षणी चढवली. खोकं कुणी आपटलं नाही. वाळवंटातल्या उन्हात सरस सुटला आणि ताणाने घोडी निघाली. उचलणारे सिरिलो यांनी खोकं हलवून, कान लावून पाहिलं, पण ताणलेली गिटार हलवली तरी आवाज करत नाही, त्यामुळे त्यांना कळणं शक्य नव्हतं. मी तारा सैल करायला विसरलो, कारण मी ती गिटार त्यांची मुलगी युनुएन हिच्यासाठी वाजवत होतो आणि ती हसली होती. यात तिची काही चूक नाही. क्लेम मागे घ्यावा."

लिसांद्रो

*

मोरेलिया, ४ जून

लाडक्या,

निवेदनाला फॉर्मवर तीन ओळींची जागा असते. तू पाठपोट भरलंस. ओक्ताविओने दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं आणि मला म्हणाला, "एल्विरा, ही क्लेमची फाइल आहे की लग्नाची?" मग त्यावर शिक्का मारला. नियमाच्या माणसाला दुसरं सुचत नाही.

पण नियम पुढेही असतो. पहिल्या हाताचं नाव निघाल्यामुळे सिरिलोंची सही लागत होती आणि सहीआधी त्यांना मजकूर कळायला हवा होता. डोळ्यांमुळे तो उरुआपानच्या गोदामात मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मंगळवारी सकाळी, सगळे ड्रायव्हर हजर असताना. ओक्ताविओ स्वतः गेला होता. म्हणतो, 'ती हसली होती' इथे पोचल्यावर सगळे ड्रायव्हर वळून युनुएनकडे बघायला लागले. सिरिलोंनी मान खाली घातली. मग मुलीला विचारलं, "वाजवतो बरा?"

ती म्हणाली, "तिसरी तार खाली लावतो."

त्यांनी सही केली. शेरा पडला नाही. फेरी त्यांचीच आहे.

गिटार परत निघालीय. बाईंनी दुसरी घ्यायला नकार दिला, हीच दुरुस्त करून पाठवा म्हणाल्या. मुलं विचारताहेत म्हणे.

नऊ वर्षांत हा पहिला कागद मला घरी नेऊन जपून ठेवावासा वाटला. ठेवला नाही. फाइलमध्येच आहे.

ताई

*

पाराचो, ९ जुलै

ताई,

शेडला खरंच खिडकी नाही. पण फळ्यांमध्ये फट आहे, आणि आवाजाला खिडकी लागत नाही. चार वाजता हॉर्न वाजतो. मग नव्या पॅकिंगवाल्याला ताता सिरिलो प्रत्येक खोक्यापाशी थांबून विचारतात, "झोपली का?" तो बिचारा "हो, ताता" म्हणेपर्यंत खोक्याला हात लावत नाहीत. सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं विचारतात. मला ऐकू जावं म्हणूनच ते. माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. फक्त परवा जाता जाता शेडच्या पत्र्यावर थाप मारून गेले. रागाने की कशाने, मी अजून ठरवतोय.

हेर्मोसियोची गिटार आली. मामांनी घोडी मला बसवू दिली. जुना सरस खरवडला, फळी घासली, अकरा दिवस शिकंज्यात ठेवली. आज ती जायची होती. मामा म्हणाले, "तूच बंद कर. एवढी एकच." म्हणून महिन्याने मी त्या खिडकीपाशी उभा होतो.

चार वाजता हॉर्न वाजला नाही. गाडी आली, उभी राहिली, पण हॉर्न नाही. युनुएन थेट आत आली, स्कॅनर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सरक. तुझ्या हातांवर माझा विश्वास नाही."

तिने एकेक खुंटी फिरवायला घेतली. पहिली तार सैल झाली, मग दुसरी. प्रत्येक खाली येताना एक सूर सोडत होती, लांब, उतरता, कुणी झोपेत कूस बदलावी तसा. तिसरी, चौथी. भुसा हवेत थांबला होता. सहावी तार अगदी खोल गेली आणि विझली, आणि मला कळलं, ताई, तो वॉल्ट्झचा शेवट होता. इतके दिवस मी वर चढत होतो. शेवट खाली होता.

"झोप," तिने गिटारीला सांगितलं. मग मला म्हणाली, "तू नको झोपूस, टेप आण."

बाहेर ताता सिरिलो हॉर्नवर हात ठेवून बसले होते, आणि वाजवत नव्हते.

खोक्यात बाईंसाठी चिठ्ठी ठेवली. तुला उतरवून पाठवतो. तुझ्या खोलीत एवढे कागद येतात, हा एक न मोडलेल्या वस्तूचा असू दे.

"एनेदिनाबाई,
या वेळी ती झोपवून पाठवली आहे. उठवताना घाई करू नका, रोज थोडी थोडी सुरात आणा. पहिल्या वेळी चूक गाडीची नव्हती, माझी होती. ज्या मुलाने विचारलं होतं त्याला सांगा, हो, दुखलं होतं.
लिसांद्रो

तिसरी तार तुम्ही स्वतः तपासा. त्याचं काही खरं नाही.
युनुएन"